सहा गावांची तार

आपल्या दारावरून विजेची तार जाते. ती कोणत्या गावाहून आली आणि पुढे कोणत्या गावाला गेली, याची चौकशी आपण दिवे गेल्याखेरीज करीत नाही. दिवे गेले म्हणजे मात्र आळीतला प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. एक म्हणतो, फ्यूज उडाला; दुसरा म्हणतो, छे, मागूनच गेली आहे. या 'मागूनच'मध्ये एक शास्त्र दडलेले आहे आणि आज त्याच्याविषयी बोलण्याचा आमचा विचार आहे. शास्त्राचे नाव आलेख-सिद्धान्त. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, हँडबिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर ठिपके काढून शिकलो. ज्याला बेरीज येते आणि लहान-मोठे कळते, त्याला हे गणित कळते असा आमचा अनुभव आहे.

शाळेत चौकटींच्या कागदावर काढतात तो आलेख हा नव्हे. येथे आलेख म्हणजे काही ठिपके आणि त्यांतल्या काहींना जोडणाऱ्या रेषा, एवढेच. ठिपका हे गाव असेल, टेलिफोन असेल, माणूस असेल. रेषा ही सडक असेल, तार असेल, ओळख असेल. या विचाराचा आरंभ लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास केला असे मानतात. कोनिग्सबर्ग शहरात, ज्याला आज कालिनिनग्राद म्हणतात, नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळ्या शहराचा फेरा होईल काय, असा लोकांचा एक आवडता प्रश्न होता. ऑयलरने सांगितले, होणार नाही. फेऱ्यात वाटेवरच्या प्रत्येक भूभागात एका पुलाने शिरावे लागते आणि दुसऱ्याने निघावे लागते, म्हणजे पूल जोडीने खर्च होतात. आणि त्या शहरातल्या चारही भूभागांना लागलेल्या पुलांची संख्या विषम होती. ऑयलरची खरी करामत उत्तरात नाही. पुलाची लांबी-रुंदी, नदीचे पाणी, शहराचे घाट, हे सारे त्याने टाकून दिले आणि कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच ठेवले, यात ती आहे.

आता आपण मोरावियात जाऊ. पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ साली, चेकोस्लोव्हाकिया हे नवे राष्ट्र जन्मास आले. त्यातल्या मोराविया प्रांतात, ब्रनो शहराच्या दक्षिणेकडच्या खेड्यांना वीज पोचवण्याचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चालू होते. वीज कंपनीतल्या काही मंडळींची ओटाकार बोरूवका या तरुण गणितज्ञाशी मैत्री होती. त्यांनी त्याच्यापुढे प्रश्न टाकला : इतकी गावे आहेत, त्यांच्यामधली अंतरे ही अशी आहेत, प्रत्येक गावाला वीज पोचेल आणि तार कमीत कमी लागेल असे जाळे कसे आखावे? बोरूवकाचा जन्म १८९९ चा; म्हणजे पंचविशी ओलांडलेला, इतपतच त्याचे वय. त्याने उत्तर काढले आणि १९२६ साली ते दोनदा छापले : एकदा गणितज्ञांसाठी सविस्तर, आणि एकदा विजेच्या इंजिनिअरांच्या मासिकात थोडक्यात. दुसरा लेख लिहिण्याची त्याला सक्ती नव्हती. ज्याच्या हाताला काम करायचे आहे त्याच्यापर्यंत विद्या नेऊन पोचवावी, हे त्याला सुचले याबद्दल आम्हाला या माणसाविषयी विशेष आदर वाटतो.

वाचकांनी आता कागद-पेन्सिल घ्यावी. सहा गावे आहेत असे समजू. नदीच्या अलीकडे अ, ब आणि क; पलीकडे ड, इ आणि फ. अलीकडे अ-ब हे अंतर ४ किलोमीटर, ब-क ६ आणि अ-क ९. पलीकडे ड-इ ३, इ-फ ५ आणि ड-फ ७. नदी ओलांडून तार नेता येईल असे तीनच मार्ग आहेत : क-ड ८, क-फ १० आणि ब-ड ११. हे नऊही मार्ग बांधले तर ६३ किलोमीटर तार लागेल. आपल्याला इतकी नको आहे.

पहिली गोष्ट अशी की सहा गावे जोडायला पाच रेषा पुरतात, आणि पाचांहून कमी कधीच पुरत नाहीत. पाचांहून जास्त घातल्या तर कोठे तरी कडे तयार होते, म्हणजे एका गावातून निघून, घेतलेली रेषा पुन्हा न घेता, त्याच गावात परत येता येते. कडे नसलेल्या जोडणीला गणिती लोक झाड म्हणतात. झाडाच्या फांद्या एकमेकींना पुन्हा चिकटत नाहीत, म्हणून हे नाव योग्यच आहे. मग सगळ्यांत स्वस्त झाड कोणते? सगळी झाडे मांडून एकेकाची बेरीज करावी असे कोणी म्हणेल. त्याने जरा थांबावे. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाच्या १८८९ सालच्या लेखात झाडे मोजण्याचा नियम आहे : गावांची जी संख्या, ती तिच्याहून दोन कमी इतक्या वेळा मांडून गुणाकार करावा. कोणतेही गाव कोणत्याही गावाला जोडता येत असेल, तर सहा गावांसाठी सहाचा आकडा चार वेळा मांडून गुणला म्हणजे १२९६ झाडे होतात. दहा गावांसाठी १० कोटी. वीस गावांसाठी येणारी संख्या चोवीस अंकी आहे. एका तालुक्यात गावे किती असतात, हे वाचकांना सांगायला नको.

बोरूवकाने एकही झाड मोजले नाही. त्याची रीत अशी. प्रत्येक गावाला विचारा, तुझ्यापासून निघणारी सर्वांत आखूड रेषा कोणती? अ सांगेल, ब कडे जाणारी. ब सांगेल, अ कडे जाणारी, म्हणजे तीच. क सांगेल, ब. ड म्हणेल इ, इ म्हणेल ड, आणि फ म्हणेल इ. या सगळ्या रेषा पक्क्या करा. आता अ-ब-क हा एक समूह झाला आणि ड-इ-फ हा दुसरा. पुन्हा तोच प्रश्न, पण आता समूहाला : तुमच्यातून बाहेर पडणारी सर्वांत आखूड रेषा कोणती? दोघेही सांगतात क-ड, ८ किलोमीटर. ती जोडली की काम संपले. दोन फेऱ्यांत झाले. बेरीज करा : ४, ६, ३, ५ आणि ८ मिळून २६.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमचा विश्वास बसला नाही. ज्याने त्याने आपल्यापुरते जवळचे पाहावे आणि त्यातून सर्वांचे हित व्हावे, असे जगात सहसा होत नाही. एकेका खात्याने आपापला बोनस वेगळा ठरवून घेतला म्हणजे सगळ्या कारखान्याचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. तेव्हा येथेच असे का जमते, याचा पुरावा हवा. तो पुरावा पुढीलप्रमाणे.

समजा, कोणी दावा केला की आमच्याजवळ एक जाळे आहे, ते सर्वांत स्वस्त आहे, आणि त्यात फ ची सर्वांत आखूड रेषा, म्हणजे फ-इ, नाही. ठीक आहे. त्याच्या जाळ्यात आपण फ-इ ही रेषा नव्याने घालू. फ आणि इ यांना त्याच्या जाळ्यात आधीच कोठून तरी वाट होती, म्हणून आता एक कडे तयार झाले. हे कडे फ गावात एका रेषेने शिरते आणि दुसरीने निघते. एक आपली नवी. दुसरी त्याची जुनी. जुनी नक्कीच लांब आहे, कारण फ ची सर्वांत आखूड रेषा ती नवी. तर जुनी काढून टाका. कडे तुटले, सर्व गावे जोडलेलीच राहिली आणि तार वाचली. म्हणजे त्याचे जाळे सर्वांत स्वस्त नव्हतेच! गावाच्या जागी समूह घेतला तरी हाच युक्तिवाद शब्दशः लागू पडतो. यात एक अट आहे : अंतरे सारखी नसावीत. तीन गावे एकमेकांपासून अगदी समान अंतरावर असली आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याचे नाव सांगितले, तर कडे होऊन बसेल. बोरूवकाने सर्व अंतरे भिन्न धरूनच प्रश्न मांडला होता. व्यवहारात समान अंतरे आलीच तर आधी क्रम ठरवून ठेवावा. निवडणुकीत मते समसमान पडली म्हणजे चिठ्ठी टाकतात, तसे.

हे उत्तर त्यानंतर अनेकांनी निरनिराळ्या वाटांनी पुन्हा शोधले. चेक गणितज्ञ वोयतेख यार्निक याने १९३० साली दुसरी रीत दिली : कोणत्याही एका गावापासून आरंभ करावा आणि जोडलेल्या गावांतून बाहेर जाणारी सर्वांत आखूड रेषा एकेक करून घेत जावी. १९५७ साली अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट प्रिम याने हीच रीत स्वतंत्रपणे काढली. त्याच्या आदल्या वर्षी जोसेफ क्रुस्कल याने सर्वांत सोपी रीत छापली : सर्व रेषा लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, एकेक घेत जा, जी घेतल्याने कडे होईल ती सोडा. आपल्या सहा गावांत ती करून पाहावी. ३, ४, ५, ६ घेतल्या. ७ ची ड-फ सोडली, कारण ड आणि फ हे इ च्या मार्गाने आधीच जोडलेले आहेत. मग ८ ची घेतली. पुन्हा २६. क्रुस्कलला बोरूवकाचा लेख ठाऊक होता आणि त्याने तसा उल्लेखही केला आहे. आज इंग्रजी पुस्तकांत प्रिम व क्रुस्कल यांची नावे पुढे असतात आणि मोरावियाची खेडी मागे पडलेली असतात.

खांब गावातच रोवला पाहिजे असे नाही, हेही येथे सांगून टाकू. तीन गावे १००-१०० किलोमीटरच्या त्रिकोणात असली तर झाडाला २०० किलोमीटर तार लागते. पण मध्यभागी माळावर एक जोडखांब उभा करून तेथून तिघांना तीन तारा नेल्या तर साधारण १७३ मध्ये भागते. मात्र असे माळावरचे खांब कोठे कोठे घालावेत, हा प्रश्न गावे वाढली की फारच अवघड होतो. त्यात आपण शिरत नाही.

येथवरच्या गणितात एक अट मुकाट्याने आलेली आहे, आणि ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. एकही गाव वगळायचे नाही, ही ती अट. बोरूवकापुढे प्रश्न आला तो असाच आला होता. पण हिशेब दुसऱ्या रीतीनेही मांडता येतो आणि मांडलाही जातो : प्रत्येक गावाला एक किंमत लावायची, आणि तारेचा खर्च त्या किमतीपेक्षा जास्त झाला की ते गाव गाळायचे. हेही गणित रीतसर आहे आणि याच्याही पद्धती आहेत. फ गावाला ५ किलोमीटर तार लागते. फ ची किंमत चार किलोमीटरांइतकी धरली तर फ अंधारात राहील आणि त्या जाळ्यालाही 'उत्तम' म्हटले जाईल. किंमत कोणी धरली, हे जाळ्याच्या नकाशावर दिसत नाही. म्हणून आमच्यासारख्याच्या हाती कोणी उत्तम आराखडा आणून दिला, की आम्ही रेषांकडे मागाहून पाहतो. आधी ठिपके मोजतो.

आता त्या २६ किलोमीटरांकडे परत येऊ. झाडाचा गुण तोच त्याचा दोष आहे. त्यात एकही रेषा फालतू नाही. म्हणजे कोणतीही एक तुटली की जाळ्याचे दोन तुकडे झालेच. वीज अ कडून येत असेल आणि पुरात क-ड चा एक खांब पडला, तर ड, इ, फ ही तिन्ही गावे अंधारात.

हे आम्ही पुस्तकात वाचण्याच्या आधी शिकलो, आणि फार महाग किंमत देऊन शिकलो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचे काम होते. सात खाती होती आणि निरोपाची साखळी लावलेली होती : फाउंड्रीने मशीन शॉपला सांगायचे, मशीन शॉपने असेंब्लीला, असेंब्लीने पेंट शॉपला, असे शेवटच्या पॅकिंगपर्यंत. सात खात्यांना सहा निरोप. याहून कमीत होणे नाही. एका गुरुवारी लाक्षणिक संप ठरला होता. बुधवारी रात्री उशिरा बोलणी करण्याचे मान्य झाले आणि संप पुढे ढकलला. निरोप निघाला. असेंब्लीचा प्रतिनिधी त्या रात्री पत्नीला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेऊन गेलेला होता. त्याच्या पलीकडे निरोप गेलाच नाही. सकाळी तीन खाती मशीनवर उभी राहिली आणि पेंट शॉपपासून पॅकिंगपर्यंतची मंडळी हाताची घडी घालून बसली. चौदा जणांना आरोपपत्रे मिळाली, चौघे निलंबित झाले, आणि त्या चौघांना परत आत घ्यायला आम्हाला अकरा महिने लागले. मुलगा झालेल्या त्या बापाला कोणी दोष दिला नाही. तो द्यायचाही नव्हता. साखळी आम्ही लावली होती.

त्यानंतर आम्ही एकच निरोप वाढवला. शेवटच्या पॅकिंगने पहिल्या फाउंड्रीला सांगायचे, आणि निरोप दोन्ही बाजूंनी सोडायचा. साखळीचे कडे झाले. आता एक माणूस गैरहजर असला तरी दुसऱ्या बाजूने निरोप पोचतो. शिवाय निरोप फिरून परत आला की तो सर्वांना मिळाला, हेही कळते. सहाच्या जागी सात निरोप. हल्ली मोबाईलवर गट असतो, म्हणून हे जुने झाले असे तरुण पोरे म्हणतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की त्या गटातल्या सगळ्या रेषा कोणत्या एका ठिपक्यातून जातात, आणि तो ठिपका कोणाच्या ताब्यात आहे?

मग सहा गावांचे काय करावे? स्वस्त झाड तयारच आहे, त्याला ठिगळे लावू. क-फ ही १० ची रेषा घातली : नदीपलीकडची गावे सुरक्षित झाली. अ-क ही ९ ची घातली : अलीकडची सुरक्षित झाली. कोणतीही एक तार तुटली तरी आता कोणी अंधारात राहत नाही. खर्च २६ अधिक १९, म्हणजे ४५. पण आता हीच मागणी आरंभापासून डोळ्यांपुढे ठेवून पाहा. अ पासून ब, ब पासून ड, ड पासून इ, इ पासून फ, फ पासून क आणि क पासून परत अ : ४, ११, ३, ५, १० आणि ९, मिळून ४२! तीन किलोमीटर तार वाचली. इतकेच नव्हे. ठिगळ लावलेल्या जाळ्यात क गावचे उपकेंद्रच जळाले तर अलीकडचे-पलीकडचे संबंध तुटतात, कारण नदी ओलांडणाऱ्या दोन्ही रेषा क मधूनच निघतात. या कड्यात कोणतेही एक गाव बंद पडले तरी बाकीची पाच जोडलेली राहतात. आणि गंमत अशी की, स्वस्त झाडात जिचा मान पहिला होता ती क-ड ही नदीवरची सर्वांत आखूड रेषा या कड्यात मुळीच नाही. काटकसरीचे जाळे आधी बांधून सुरक्षितता मागाहून जोडू, असे जे म्हणतात त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करावा.

यातली अडचणही लपवू नये. स्वस्त झाड काढायला सोपी रीत आहे. सर्व गावांतून जाणारे सर्वांत स्वस्त कडे काढायला, गावे कितीही वाढली तरी हमखास आणि झटपट उत्तर देईल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. आणि अशी रीत असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. याच जातीच्या मूळ प्रश्नाला २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेने १० लाख डॉलरचे बक्षीस लावले. प्रत्यक्षात इंजिनिअर पुरेसे चांगले कडे काढून काम भागवतात. आणि पैशाअभावी खेड्यांकडे जाणारे फिडर बहुधा झाडासारखेच ठेवतात. कडी शहरांच्या वाट्याला येतात.

मोठ्या वाहिन्यांचे देशव्यापी जाळे मात्र झाड नाही. त्यात कडी भरपूर आहेत. तरीही ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही कोसळली. साठ कोटींहून जास्त लोकांच्या प्रदेशात वीज गेली. पश्चिम बंगालच्या कोळसाखाणींत लिफ्ट बंद पडून दोनशेच्या आसपास कामगार जमिनीखाली अडकले. पुढे त्यांना सुखरूप बाहेर काढले. दोन्ही दिवशी आरंभ झाला तो बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या एका वाहिनीपासून. कडी असताना असे का व्हावे? याचे कारण असे की, विजेच्या जाळ्यात एक रेषा बंद पडली की तिच्यावरचा भार नाहीसा होत नाही. तो उरलेल्या रेषांवर जाऊन पडतो. त्या दिवसांत त्या भागातल्या कित्येक वाहिन्या आधीच बंद होत्या, म्हणजे नकाशावर जी कडी दिसत होती ती प्रत्यक्षात नव्हती. उरलेल्या वाहिन्यांवर आधीच ओझे होते. एकीने मान टाकली, तिचे ओझे दुसरीवर गेले, आणि मग एकामागून एक सगळ्या पडत गेल्या. दहा माणसांचे काम सात जणांवर टाकलेल्या पाळीत एक आजारी पडला की काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा जाळे आखताना रेषा कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही; शेजारची रेषा तुटली तर हिच्या अंगात किती जोर शिल्लक आहे, तेही पाहावे लागते.

त्या वेळी दक्षिण भारताचे जाळे बाकीच्या देशाशी एका तालात चालत नव्हते. ते जोडले गेले ३१ डिसेंबर २०१३ रोजी, आणि जोडणारी रेषा आपल्या सोलापुराहून निघते : रायचूर-सोलापूर, ७६५ किलोव्होल्ट. त्या दिवसापासून देशातली पाचही विभागीय जाळी एक झाली. पण या अर्थाने दक्षिणेला बाकीच्या देशाशी जोडणारी रेषा तेव्हा एकच होती. ती सुटली असती तर पुन्हा दोन तुकडे. त्याच दोन ठिकाणांमधली दुसरी वाहिनी २०१४ साली सुरू झाली.